बहात्तरावा सामना

हार्लो फॉल्स, मॅसॅच्युसेट्स
११ जुलै १८८४

ज्यूड,

तुझ्या आईची चिठ्ठी मिळाली. हाड नीट बसतंय हे वाचून जीव भांड्यात पडला. डॉक्टर म्हणतो ऑक्टोबर, तू म्हणतोस ऑगस्ट. मी डॉक्टरच्या बाजूनं आहे. आणि काय रे, चार धावांनी आपण पुढे असताना दुसऱ्या बेसवर अंग टाकून घसरायची तुला गरज काय पडली होती? पाय मोडल्याचा आवाज मला पार माझ्या जागी, होम बेसपाशी ऐकू आला. मला वाटलं कुणाची बॅटच तुटली.

इकडची खबर विचारली आहेस. मंगळवारी तुला गाडीत घालून आम्ही परतलो, तेव्हा लूमिस साहेबानं वूस्टरच्या त्या लंबू पिचरला तार करून ठेवली होती, की सोमवारपासून ये. दुसऱ्या दिवशी त्यालाच दुसरी तार गेली, की येऊ नकोस. का, ते मला विचारू नकोस. बेसबॉल क्लबच्या मॅनेजरच्या डोक्यात काय शिजतं ते त्याच्या बायकोलाही कळत नाही, मी तर नुसता चेंडू झेलणारा कॅचर.

आता चेंडू एनॉस टाकतोय. सगळे सामने. होय, तोच एनॉस पार्मली, तुझा 'दगडफोड्या'. काल टाकला, आज टाकला, उद्याही तोच टाकणार.

तुझं नाव क्लबच्या यादीवर आहे तसंच आहे. त्याची काळजी सोड. आईचं ऐक, पाय वर ठेव, आणि गाईच्या गोठ्यात कुबड्या घेऊन फिरू नकोस.

ओवेन डेव्हलिन


६ ऑगस्ट १८८४

ज्यूड,

तुझं पत्र वाचलं. दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय. 'दगडफोड्यानं बरोबर डाव साधला, मी पडलो आणि त्याला रान मोकळं मिळालं.' असं लिहिलंस तू. मी ते पत्र चुलीत घातलं, म्हणजे खाणावळवाल्या मिसेस स्प्रेगच्या हाती लागायला नको. ती एनॉसला आपला मुलगा मानायला लागली आहे. तुझं जेवण बंद करेल.

तुला वाटतं तो मजा मारतोय. मग त्याची सकाळ कशी असते ते ऐक.

खाणावळीत आम्ही सगळे नाश्त्याला बसतो, तेव्हा हा आधीच स्वयंपाकघरात बसलेला असतो, शेगडीच्या कडेला. उजव्या खांद्यावर गरम फ्लॅनेल. तोंडाचा रंग राखेसारखा. त्या हातानं त्याला कप उचलता येत नाही, भांग पाडता येत नाही. डाव्या हातानं केस विंचरतो, ते सगळे एका बाजूला कोंबड्याच्या तुऱ्यासारखे उभे राहतात. परवा आपल्या संघातल्या कोनेलीला हसू आवरेना. मिसेस स्प्रेगनं त्याच्या ताटातलं मटण परत नेलं. एनॉसचं मटण मात्र ती स्वतः कापून देते.

"आता भरवू पण का?" म्हणाली.

"नको बाई," एनॉस म्हणाला, "डावा अजून माझा आहे."

मग अंगणात जातो. पंपाचा दांडा धरून हळूहळू वरखाली करतो. पहिल्यांदा तो हात कोपराच्या वर जातच नाही. बादलीवर बादली भरतो आणि ओततो. मिसेस स्प्रेगच्या कोबीला जन्मात इतकं पाणी मिळालं नव्हतं. दुपारच्या घंटेपर्यंत हात खांद्याच्या वर जायला लागतो. मग मैदानावर येतो, चार पावलं धावतो आणि खांद्यावरून जो चेंडू सोडतो, तो माझ्या तळव्यात असा येतो की दात वाजतात.

तू गेल्यापासून क्लब सतरा सामने खेळला, त्यातले सोळा यानं टाकले. सोळाच्या सोळा शेवटच्या फलंदाजापर्यंत. पूर्वी तू एक दिवस टाकायचास आणि दुसरा दिवस माशा मारायचास. रागावू नकोस, माझं काम आहे तुला खरं सांगणं.

माझ्या हातांचं विचारलंस म्हणून सांगतो. बोटं कापलेल्या त्या पातळ हातमोज्यात मी रोज मटणाचा कच्चा तुकडा घालतो. सामना संपेपर्यंत त्याचा खिमा होतो. खाटीक म्हणतो, डेव्हलिन, तुझ्याकडून मलाच शिकायला हवं.

ओवेन


२९ ऑगस्ट १८८४

ज्यूड,

परवाचं सांगायलाच हवं. तुला आवडो न आवडो.

लॉवेलला गेलो होतो. त्यांचं मैदान तुला माहीत आहे. गिरणीच्या पोरी मागच्या कुंपणावर चढून बसतात आणि आपल्या खेळाडूंच्या आयांचा उद्धार करतात. उन्हानं गवत पांढरं पडलेलं. एनॉसनं त्याच्या आधी सलग तीन दिवस टाकलं होतं. ठरलेले नऊ डाव संपले, दोन्हीकडे एकेक धाव. दहावा, अकरावा, तेच. बाराव्यात त्यांच्या त्या लोहार फलंदाजानं सरळ मारलेला चेंडू एनॉसच्या नडगीवर बसला. आवाज मी ऐकला. तुझ्या पायासारखाच होता म्हणून मी पळत गेलो.

"बस," मी म्हणालो. "आता कोनेलीला टाकू दे."

त्यानं पँट वर केली, नडगी बघितली, पँट खाली केली. "कोनेलीला कशाला मारतोस," म्हणाला, आणि चेंडू मागितला.

तेव्हा स्टँडमधून लॉवेलचाच एक बुवा ओरडला, "अरे, त्या माणसाला घरी पाठवा रे कोणीतरी!" सगळे हसले. एनॉसही हसला. मी त्याला मैदानावर हसताना पहिल्यांदाच पाहिलं.

चौदाव्या डावात आपल्याला एक धाव मिळाली. मग त्यांची शेवटची पाळी. ज्यूड, मी अकरा वर्षं हे काम करतोय. डबलिनहून आलेल्या बापाला अजून सांगता येत नाही की मुलगा पोटासाठी चेंडू झेलतो, तरी करतोय. पण मी असं काही पाहिलेलं नाही. पहिला फलंदाज बॅट न लावता बाद. दुसरा बॅट न लावता बाद. तिसरा तोच लोहार. एनॉसनं त्याला दोन चेंडू वेगात टाकले. तिसरा इतका हळू टाकला की तो बिचारा आधीच बॅट फिरवून मोकळा झाला, आणि मग वळून चेंडू माझ्या हातात येताना बघत राहिला, जसं कुणी सुटलेल्या गाडीकडे बघतं.

मग आधी तो बुवा उठला आणि त्यानं टोपी काढली. मग त्याच्या शेजारचा. मग सगळं स्टँड. आपल्याला नाही रे, त्याला. लॉवेलच्या लोकांनी! एनॉसला कळेचना काय करायचं. त्यालाही टोपी काढायची होती, पण एव्हाना हात वर जाईना. म्हणून त्यानं नुसती मान खाली घातली आणि लंगडत बाकाकडे आला.

तू लिहितोस, कौतुकाची पत्रं पुरे. कौतुक नाही. माझ्या डोळ्यांसमोर जे घडतंय ते कुणालातरी सांगितल्याशिवाय मला राहवत नाही, आणि पिचर म्हणजे काय हे ज्याला कळतं असा माझ्या ओळखीचा दुसरा तूच आहेस.

ओवेन


२० सप्टेंबर १८८४

ज्यूड,

तुझं पत्र आजच आलं आणि मी जेवायचा थांबून लिहायला बसलोय.

म्हणजे दुसऱ्यांचे खेळाडू फोडत फिरणारा, सोन्याच्या साखळीचा तो माणूस तुझ्या आईच्या अंगणापर्यंत पोचला तर! नवी लीग, मोठं शहर, पाय बरा झालाच आहे, फक्त एक सही. आणि तू म्हणतोस, 'हार्लो फॉल्सला माझी गरज नाही, तिथे एकटा माणूस सगळं खातोय.' तुला हेही माहीत आहे की एका क्लबच्या यादीवर नाव असताना दुसरीकडे सही केली, तर काळ्या यादीत जाशील. पुन्हा कुठलाही भला क्लब दारात उभं करणार नाही. तरी सही करणार म्हणतोस. रागापायी.

मी शपथ घेतली होती. सगळ्या संघानं घेतली होती. ती आज मोडतो. एनॉसला कळलं तर तो माझ्याशी बोलणार नाही, पण तसाही तो कुठे बोलतो.

तू पडलास त्या दिवशी, तुला पोचवून आम्ही आलो तेव्हा, लूमिस साहेब कपडे बदलायच्या खोलीत उभा होता. म्हणाला, वूस्टरवाला सोमवारी येतोय, कॉरिगनचं, म्हणजे तुझं, नाव खोडतोय. मोडक्या पायाच्या पोराला मी तीन महिने सांभाळू शकत नाही, दोन पिचरांच्या वर तिसऱ्याचा पगार मालक देणार नाहीत.

आम्ही सगळे, मीही, खाली बघून बुटांच्या नाड्या सोडत राहिलो.

एनॉस कोपऱ्यात बसला होता. म्हणाला, "तिसरा कशाला? मी टाकतो."

"किती टाकशील?"

"सगळे."

लूमिस हसला. "पार्मली, ऑक्टोबरपर्यंत साठ सामने आहेत. मेलास तर?"

"मेलो तर वूस्टरवाल्याला बोलवा," एनॉस म्हणाला. "तोवर पोराचं नाव खोडू नका."

मग आमच्याकडे वळून म्हणाला, त्याला कुणी सांगायचं नाही. त्याला ते सहन व्हायचं नाही.

ज्यूड, तू त्या माणसाला संघभर दगडफोड्या म्हणून नाचवलंस. व्हरमाँटच्या खाणीतून आला म्हणून तो चालला की दगड पडल्याचा आवाज काढायचास. आम्ही हसायचो. म्हणून त्या दिवशी मला राहवेना. बाहेर पडल्यावर मी त्याला गाठलं.

"एनॉस, तुला तो पोर आवडतो का?"

"नाही," म्हणाला.

"मग?"

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी काहीतरी वेड्यासारखं विचारलं होतं. "आवडण्याचा काय संबंध?" म्हणाला. "पोराचा पाय मोडलाय."

एवढंच. त्यानंतर याबद्दल आजतागायत एक शब्द नाही. आज सकाळी पंपाशी त्याला अर्धी बादली भरायलाही फार वेळ लागला. काल त्यानं चाळिसावा टाकला, तुझ्या पडण्यानंतरचा. त्या चाळीस सामन्यांतला प्रत्येक चेंडू तुझ्या नावावर टाकलेला आहे, आणि तू तिकडे दुसऱ्याच्या कागदावर ते नाव लिहायला निघालास.

आता काय करायचं ते तुझं तू ठरव.

ओवेन


४ ऑक्टोबर १८८४

ज्यूड,

उत्तर नाही. तुझ्या आईचंही नाही.

इथे गावात बोंब झाली आहे की कॉरिगन पळाला. माझ्याकडून नाही. तो साखळीवाला लॉवेलच्या हॉटेलात बढाया मारत होता म्हणे. दारूच्या सलूनमध्ये तुझं चित्र होतं ते कुणीतरी भिंतीकडे तोंड करून ठेवलंय. एनॉसच्या कानावर गेलं. मला वाटलं आता तो सोडेल. ज्याचं नाव सांभाळायचं तोच पळाला म्हणतात. दुपारी नेहमीसारखा मैदानावर आला आणि टाकला. जिंकलो.

शनिवारी, ११ तारखेला, लॉवेल इथे येतंय. शेवटचा सामना. आम्ही दोघं बरोबरीत आहोत, जो जिंकेल त्याला विजेतेपदाचं निशाण.

सही केली नसशील तर ये.

ओवेन


१४ डिसेंबर १८८४

ज्यूड,

तुझं पत्र मिळालं. माझं अक्षर वाईट दिसेल. मधलं बोट अजून वाकत नाही.

तू एकच गोष्ट विचारली आहेस आणि लिहिलं आहेस की खरं सांग. थांब, सांगतो. पण आधी तुझ्या पत्रातल्या दुसऱ्या गोष्टी. लूमिस साहेब पुढच्या मोसमासाठी तुझ्याशी करार करतोय, छान झालं. तुझं चित्र सलूनमध्ये पुन्हा सरळ लागलंय. त्यावर कुणीतरी मिशी काढली आहे, पण प्रेमानं.

वर्तमानपत्रात मोसमाचे आकडे छापून आले ते तू पाहिलेसच. इथे केशकर्तनालयात, गिरणीच्या फाटकाशी, चर्चच्या पायरीवर, लोक तेच वाचतायत. क्लबचे सामने शहाण्णव. एनॉस पार्मलीनं टाकलेले बहात्तर. जिंकलेले बावन्न. बॅट लावू न देता बाद केलेले फलंदाज चारशे अठरा. फादर मॅगीनं रविवारी प्रवचनात ते आकडे वाचून दाखवले, आणि मग त्यालाच सुचेना की यातून बोध काय सांगायचा. मग म्हणाला, "चला, प्रार्थना करू."

आणि शेवटी एक आकडा आहे, ज्यावर सगळे अडतात. पूर्ण टाकलेले सामने : एकाहत्तर. लोक मला विचारतात, डेव्हलिन, तो एक कुठे गेला? दमला का शेवटी? तूही तेच विचारतोस.

त्या शनिवारी, शेवटच्या सामन्यात, तू उजव्या कोपऱ्यात लांब उभा होतास. माझ्याजवळ काय झालं ते तुला दिसलं नाही.

तू सकाळच्या गाडीनं उतरलास तेव्हा आम्ही मैदानावर होतो. फाटकातून तू आत आलास आणि लोकांनी हुर्यो उडवली, ती तू ऐकलीस. कोबीचा गड्डा कुणी मारला ते मला माहीत आहे, सांगणार नाही. तू सरळ एनॉसकडे गेलास, टोपी काढून काहीतरी म्हणालास. तो म्हणाला, "पाय कसा आहे?" तू म्हणालास, "बरा." तो म्हणाला, "मग टोपी घाल, ऊन आहे." ते मी ऐकलं. पुढचं तुला माहीत नाही. तो लूमिसकडे गेला आणि म्हणाला, "पोराला आज संघात घ्या, उजवीकडे उभं करा."

लूमिस म्हणाला, "लोक मला फाडून खातील."

"खाऊ दे. पण उभं करा."

आठ डाव त्यानं टाकले. आपण तीन, ते दोन. आठव्याचा शेवटचा फलंदाज तोच लोहार होता. दोन बेसवर त्यांची माणसं. एनॉसनं माझ्याकडे बघून मान हलवली, चार पावलं धावला आणि सोडला. लोहाराची बॅट फिरली तेव्हा चेंडू माझ्याकडे पोचूनही गेला होता. माझ्या मधल्या बोटाचं हाड तिथेच मोडलं. मी हात पाठीमागे लपवला, म्हणजे लूमिस मला बाहेर काढायला नको.

आम्ही बाकावर आलो. नववा डाव, त्यांची शेवटची पाळी, एका धावेची आघाडी. मी एनॉसला म्हणालो, "तीन राहिले. तीन फलंदाज आणि मग वाटेल तितका झोप."

तो उठला, चेंडू घेऊन त्याच्या जागेपाशी गेला आणि थांबला नाही. तसाच चालत राहिला. लोकांना कळेना. तो तुझ्याकडे आला, चेंडू तुझ्या हातात ठेवला आणि तुझ्या जागी उभा राहिला. मग जो आरडाओरडा झाला! लूमिसनं टोपी जमिनीवर आपटली. तू इतका पांढरा पडला होतास की मला वाटलं चेंडू माझ्यापर्यंत पोचणार नाही.

तुझ्या पहिल्याच चेंडूवर फटका बसला, त्यांचा माणूस दुसऱ्या बेसवर. गाव ओरडत होतं, पार्मलीला परत आणा! मग दुसऱ्यानं उंच मारला, थेट उजव्या कोपऱ्यात. एनॉसनं तो डाव्या हातानं झेलला. आणि मग सगळ्यांनी पाहिलं. चेंडू फेकायला त्याचा उजवा हात वर गेलाच नाही. ऑक्टोबरच्या त्या वाऱ्यात पाच मिनिटं उभा राहिला आणि तो हात गेला. म्हणून तो धावत आला. मैदानभर, म्हाताऱ्या बैलासारखा, चेंडू छातीशी धरून, ओरडत, "थांब! थांब तिथेच!" आणि बेसवरून पुढे पळू शकला असता तो त्यांचा माणूस खरंच थांबला, इतका तो चकित झाला. चेंडू तुझ्या हातात पुन्हा ठेवून तो धापा टाकत परत गेला. काय म्हणाला तुला? मी कधी विचारलं नाही.

पुढचे दोघं तू बॅट लावू न देता बाद केलेस. लोकांनी तुला खांद्यावर घेतलं, ते तेच लोक होते.

आता तुझा प्रश्न. त्याचा हात थकला म्हणून त्यानं तुला चेंडू दिला, की मुद्दाम दिला?

मागच्या आठवड्यात मी व्हरमाँटला जाऊन आलो. तो बहिणीच्या घरी आहे. खाणीत आता हिशेबाचं काम बघतो, छिन्नी धरता येत नाही. पुढच्या मोसमाला येणार नाही, कधीच येणार नाही. बहिणीनं बटाट्याचं सूप केलं होतं, तो डाव्या हातानं खात होता, अजिबात सांडत नव्हता. मी आकड्यांचं कात्रण नेलं होतं. त्यानं वाचलं आणि बहिणीला दिलं. ती बिचारी तो कागद हातात धरून बराच वेळ भावाकडे बघत राहिली, जणू घरात कोण राहतंय ते तिला आजच कळलं.

मी त्याला तुझा प्रश्न विचारला. अगदी तुझ्याच शब्दांत.

तो म्हणाला, "हात दुखत होता."

खोटं बोलत नाही तो, ज्यूड. हात दुखतच होता. पण आठव्या डावाच्या त्या शेवटच्या चेंडूनं माझं हाड मोडलं, आणि दमलेल्या माणसाच्या चेंडूनं कॅचरचं हाड मोडत नाही. त्या हातात अजून तीन फलंदाज होते. सहा होते. तो गरम असेपर्यंत त्याचा होता, आणि थांबवला की संपेल हे त्याच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं.

हात दुखत होता. जुलैपासून रोज दुखत होता.

ओवेन